पांढरे पाय, अक्रोडी टॉप: जुन्या डायनिंग टेबलाचं काम कुठून सुरू करायचं

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एका जोडप्याने जोगेश्वरीच्या रिलीफ रोडवरून सहा खुर्च्यांचं जुनं डायनिंग टेबल नऊ हजारांना आणलं. विकणाऱ्याने ‘बर्मा टीक’ म्हणून दिलं. वर पांढरी वर्तुळं, मधोमध एक काळा डाग, दोन खुर्च्या डुगडुगतात. त्यांना पाय आणि खुर्च्या ऑफ-व्हाइट हव्यात आणि वरचा टॉप अक्रोडाच्या रंगाचा. सुतार म्हणतो सनमायका मारा. मैत्रीण म्हणते चॉक पेंट (खडूसारखा मॅट दिसणारा रंग) घे, घासायलाही लागत नाही. सासरे म्हणतात, ‘सागाला रंग? डोकं फिरलंय का?’ कामाला जागा म्हणजे बाल्कनी, आणि महिना मेचा शेवट.

सासऱ्यांपासून सुरुवात करते, कारण ते निम्मे बरोबर आहेत.

सागाची छिद्रं उघडी आणि खोल असतात. त्यात पांढरा रंग थेट गेला की तो पुन्हा कधीच पूर्ण निघत नाही. रिमूव्हर लावा, खरवडा, मशिन फिरवा, रेषांमध्ये पांढरे ठिपके राहतातच. असं एखादं टेबल माझ्याकडे आलं की मी गिऱ्हाइकाला सरळ सांगते, आता हे आयुष्यभर रंगीतच राहणार. पण लाकूड आणि रंग यांच्यामध्ये लाखेच्या पॉलिशचे दोन हात, म्हणजे दोन थर, असतील तर छिद्रं आधीच बुजलेली असतात. उद्या कोणाला रंग काढावासा वाटला तर तो लाखेसकट सुटतो आणि खाली साग जसाच्या तसा मिळतो. म्हणून मी सागाला रंग देते, पण उघड्या सागाला देत नाही. सासऱ्यांना हे सांगून बघा. माझ्या अनुभवात ‘परत काढता येईल’ एवढं कळलं की बरेच सासरे शांत होतात.

आता तो साग आहे का, ते आधी पाहू. जमिनीवर सतरंजी अंथरा आणि टेबल उलटं करा. वरून टेबल काहीही सांगेल, खरं काय ते खालून दिसतं. टॉपच्या वरच्या रेषा कडेवरून वळून खाली उतरताना दिसतात का, आणि आडव्या टोकाला कापलेल्या ओंडक्यासारखी गोलसर वलयं दिसतात का? दिसत असतील तर टॉप भरीव आहे. कडेला वेगळी पट्टी ठोकलेली असेल आणि खालच्या बाजूला भलतंच लाकूड असेल तर ते प्लायवर चिकटवलेलं विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, आहे. हल्लीचं विनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं. त्यावर सँडिंग मशिन धरलं की दहा सेकंदांत खालचा प्लाय दिसायला लागतो. विनिअर असेल तर मशिन विसरा. हाताने आणि फक्त बारीक पेपरने काम करायचं.

पायांवर करवतीच्या दातांसारखी नागमोडी जोडणी दिसली तर ते बहुधा रबरवुड. बाहेरून आलेल्या तयार सेटमध्ये हेच लाकूड फार असतं. ते वाईट नाही, रंगासाठी तर छानच, फक्त स्टेन (लाकडाला रंगछटा देणारा द्राव) त्यावर चट्ट्याचट्ट्यांनी बसतो. साग घासला की भुकटी हाताला किंचित तेलकट लागते आणि कातड्यासारखा वास येतो. एकदा घेतला की तो वास विसरत नाही. ‘बर्मा’ या शब्दाकडे मात्र दुर्लक्ष करा. म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून न कापलेल्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, पण आपल्या बाजारातलं प्रत्येक टेबल अजून बर्माचंच असतं. तुमचं चंद्रपूरकडच्या लाकडाचं निघालं, ज्याला व्यापारी अजून इंग्रजांच्या काळच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून सीपी टीक म्हणतात, तरी नऊ हजारांत तुम्ही लुटून आणलंय असं समजा.

टेबल उलटं आहे तोवर आणखी एक बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्याखाली टाल्कमसारखी पिवळट पूड. भोकं जुनी असतील तर काळजी नाही. जिवंत कीड आहे का ते कळायला खाली रात्रभर काळा कागद ठेवा. सकाळी त्यावर ताजी पूड पडलेली दिसली तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं किडीचं औषध सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा, भोकं मेणाने बंद करा आणि ते टेबल महिनाभर बाकीच्या फर्निचरपासून लांब ठेवा. रंगाखाली कीड मरत नाही. ती रंगातून नवं भोक पाडून बाहेर येते.

मग जुनं पॉलिश ओळखायचं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि लोक नेमकं तेच टाळतात. टॉपच्या खालच्या कडेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही तिथे, कापसाचा बोळा पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवून मिनिटभर दाबून धरा. चिकट झालं, बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे आपलं जुनं फ्रेंच पॉलिश. काही झालं नाही तर एनसी थिनरने, म्हणजे लॅकर पातळ करायच्या द्रावाने, तेच करा. आता विरघळलं तर लॅकर. थिनरनेही ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिशं, आणि मग खरवडायची तयारी ठेवा. तुमच्या वर्णनातल्या पांढऱ्या वर्तुळांवरून मला लाख वाटते. ओल्या पेल्याखाली आणि गरम पातेल्याखाली लाखेत दमट हवा अडकते आणि ती पांढरी दिसते.

तसं असेल तर एक प्रामाणिक सल्ला आधी ऐका. वर्तुळं सोडून टॉपचा रंग तुम्हाला आवडत असेल तर सगळं खरवडू नका. मलमलच्या तुकड्यात कापूस बांधून गादी करा, तिला स्पिरिटचा नुसता ओलावा द्या, पिळली तरी थेंब पडता कामा नये, आणि वर्तुळावरून विमान उतरून लगेच उडावं तशी हलकेच फिरवत न्या. थांबलात तर चिकटेल. चार-पाच फेऱ्यांत वर्तुळ विरघळून जातं. माझे अर्धे ‘संपूर्ण नवीन करून द्या’ वाले टॉप मी असेच एका दुपारी परत केले आहेत. पैसे कमी मिळाले, पण हरकत नाही.

पण तुम्हाला अक्रोडी रंग हवा आहे आणि काळा डागही आहे, म्हणजे टॉप उघडा करावा लागेल. स्टेन हा लाकडात मुरायचा पदार्थ आहे. जुन्या पॉलिशवर स्टेन फासला तर तो आठवडाभर चिकट राहतो आणि शेवटी कोणाच्या तरी पांढऱ्या कुर्त्याच्या बाहीवर जातो.

रंगाकडे जाण्याआधी खुर्च्या. माणसं हे शेवटी करतात आणि मग रंगाला सांध्यांवर तडे जातात. डायनिंगची खुर्ची रोज मागे रेटली जाते, त्यामुळे मागचा पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी यांचा सांधा पहिला सुटतो. त्यात खिळा मारू नका. मारलेला असेल तर काढा, कारण खिळा सांधा धरत नाही, आतली जीभ, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, फाडतो. डुगडुगणारे सांधे रबरी हातोड्याने पूर्ण सोडवा आणि कोणता तुकडा कुठला ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. आतला जुना डिंक पाहा. काचेसारखा, ठिसूळ, तपकिरी असेल तर तो सरस, गरम पाण्याच्या फडक्याने सुटतो. पांढरट, रबरासारखा असेल तर फेविकॉल, तो पटाशीने आणि पेपरने पूर्ण खरवडून काढावा लागतो. नवा फेविकॉल जुन्या फेविकॉलला धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. जीभ खाचेत सैल बसत असेल तर फेविकॉल जास्त ओतून उपयोग नाही. रंध्याने काढलेला सागाचा पातळ छिलका जिभेवर चिकटवून तिला जाड करा. शिकंजे (क्लॅम्प) नसतील तर सुतळीचे दोन फेरे चारही पायांभोवती घ्या, मध्ये लाटणं अडकवा आणि पिळा. खुर्ची सपाट फरशीवर उभी करून, चारही पाय टेकलेत हे बघून मगच लाटणं बांधून ठेवा, नाहीतर सांधा पक्का होईल आणि खुर्ची जन्मभर लंगडेल. चोवीस तास हात लावायचा नाही.

खुर्च्यांना वेताची विणलेली बैठक असेल तर तिला रंग देऊ नका. तो पोपड्यांनी सुटतो. सैल झालेला वेत खालच्या बाजूने गरम पाण्याने ओला करा आणि सावलीत वाळू द्या, तो स्वतःच ताणला जातो. तुटलेला असेल तर विणणाऱ्याकडे.

आता टॉप उघडा करणं. लाख असेल तर स्पिरिट ओता, जुन्या फडक्याने झाका, पाच-सात मिनिटं मुरू द्या आणि प्लास्टिकच्या पट्टीने रेषेच्या दिशेने खरवडा. मग भांड्यांची हिरवी घासणी स्पिरिटमध्ये बुडवून रेषेरेषेने घासा. तारेची घासणी सागावर वापरू नका. तिचे बारीक कण छिद्रांत अडकतात, पुढे पाणी लागलं की लोखंड आणि लाकडातलं टॅनिन, म्हणजे त्यातलं तुरट द्रव्य, मिळून काळे ठिपके पडतात. तुमच्या टॉपवरचा काळा डागही त्याच जातीचा असावा, कोणीतरी लोखंडी कढई किंवा तवा ओला ठेवला असणार. तो घासून जात नाही, फार खोल गेलेला असतो. त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे, प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून. फक्त डागावर लावू नका, तिथे फिका चट्टा दिसेल. सगळ्या टॉपवर फिरवा आणि डागावर दुसऱ्यांदा द्या. वाळलं की साध्या पाण्याने दोनदा पुसा, मग चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने, मग पुन्हा साध्या. हे विष आहे. उरलेलं मोरीत धुऊन टाका, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. पुसण्याआधी पांढरे स्फटिक वाळून दिसले तर ते घासू नका, श्वासात जातात.

इथे एक इशारा पायांबद्दल. पायांवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ ला झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचं कोणी काही सांगू शकत नाही. ओला वॉटर पेपर वापरा, चिखल कागदाने टिपा, आणि घरात रांगतं मूल असेल तर हे काम बाल्कनीत करूच नका.

सँडिंग कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. भरीव टॉप ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करा, मग १२०, मग १८० (नंबर मोठा तितका पेपर बारीक), आणि थांबा. पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. दिशा कायम रेषेची. आडवा ओरखडा उघड्या लाकडावर दिसत नाही, स्टेन लागला की भांगासारखा दिसतो. २२० च्या पुढे गेलात तर लाकूड इतकं गुळगुळीत होतं की स्टेन धरतच नाही. १८० नंतर ओल्या फडक्याने सगळा टॉप पुसा. दोन फायदे होतात. झोपलेले तंतू उभे राहतात आणि वाळल्यावर पुन्हा १८० ने निघतात. शिवाय जिथे फेविकॉल सांडलेला असेल तिथे लाकूड ओलं होत नाही, फिकट ठिपका दिसतो. तो आत्ता खरवडायचा. स्टेननंतर दिसला तर सगळं पुन्हा.

स्टेन लावणं त्यामानाने सोपं. पण डबा उघडून थेट टॉपवर नको. टॉपच्या खालची बाजू तितकीच घासा आणि तिथे नमुना लावा, त्यावर शेवटचा पारदर्शक थरही द्या, आणि दिवसाउजेडी व रात्री तुमच्या डायनिंगच्या दिव्याखाली असं दोनदा पाहा. डब्यावरचा अक्रोड पांढऱ्या लाकडावर छापलेला असतो. सागाचा स्वतःचा सोनेरी-पिवळा त्यात मिसळला की तो तांबूस होतो. मला तर बहुतेक वेळा अक्रोडात थोडा काळा मिसळावा लागतो. आमचे भवानी पेठेतले मिस्त्री, ज्यांच्याकडे मी हे शिकले, डबे वापरायचेच नाहीत. पिवडी, गेरू, काजळी, खडूची भुकटी यांच्या पुड्या आणि एक जुना पितळी वाडगा. स्पिरिटमध्ये बोटाने कालवायचे आणि बोट लाकडाला लावून मान हलवायचे. मला अजून तसं जमत नाही, मी डबाच वापरते.

लावण्याआधी थिनरने ओल्या केलेल्या फडक्याने टॉप पुसून घ्या. सागाचं स्वतःचं तेल वर आलेलं असतं, ते निघालं पाहिजे. स्टेन सुती चिंधीने सढळ लावा, जुनी धुतलेली साडी सर्वांत चांगली, आणि दोन-तीन मिनिटांत उरलेला पुसून घ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये न थांबता. फोन वाजला तरी नाही. आणखी गडद हवं तर दुसऱ्या दिवशी दुसरा हात. स्टेन तेलाचा असेल तर चिंध्यांचा बोळा करून कचऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाच्या चिंध्या वाळताना गरम होतात आणि स्वतःहून पेट घेऊ शकतात. माझ्या वर्कशॉपमध्ये एकदा डब्यातून धूर निघाला तेव्हा मी जेवायला बसले होते, पाच मिनिटं उशीर झाला असता तर ही हकीकत वेगळी झाली असती. चिंध्या दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

आता वरचा थर, आणि इथे माझं मत ठाम आहे. डायनिंगच्या टॉपवर लाख नको. मला लाख जीवापाड आवडते, पळस-कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्याने घडवलेला एवढा सुंदर पदार्थ दुसरा नाही, दिवाणखान्यातल्या कपाटाला मी दुसरं काही लावत नाही. पण ती ७५-८० अंशांना मऊ होते आणि मराठी घरात कुकर गॅसवरून उतरून थेट टेबलावर येतो. सॅनिटायझर सांडला तरी संपलं. टॉपला पीयू लावा. मेलामाइन कठीण आणि स्वस्त असतं, पण लावताना आणि नंतर काही दिवस डोळे चुरचुरवणारा वास येतो. बंद फ्लॅटमध्ये मी ते करत नाही. दोन डब्यांचं, हार्डनर मिसळायचं पीयू सगळ्यांत टिकाऊ, मात्र ते घरी स्प्रे करू नका. त्या फवाऱ्यातला हार्डनर फुप्फुसांना घातक असतो आणि साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. बाल्कनीत काम करणाऱ्यासाठी एका डब्याचं, ब्रशने लावायचं पाण्याचं किंवा तेलाचं पीयू पुरतं. तीन पातळ हात, प्रत्येकामध्ये ३२० चा पेपर हलकेच, आणि धूळ किंचित ओल्या फडक्याने टिपलेली. चमक मॅट किंवा सॅटिन घ्या. ग्लॉसी टॉपवर ताटाचा प्रत्येक ओरखडा दिसतो. टॉपच्या खालच्या बाजूलाही एक हात द्या. वरून बंद आणि खालून उघडी अशी फळी पावसाळ्यात एकीकडून दमट हवा ओढते आणि वाकते. भरीव टॉप पायांच्या चौकटीला फेविकॉलने चिकटवू नका, स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवा. फळी रुंदीत फुगते-आकसते, तिला जागा नाही मिळाली तर ती फाटून जागा करते.

पाय आणि खुर्च्या. पॉलिश पूर्ण काढायची इथे गरज नाही. घट्ट बसलेलं असेल तर १८० ने घासून चमक घालवा, थिनरने पुसा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा. आणि मग लाख. हे पाऊल गाळू नका, नुसतं सासऱ्यांसाठी नाही. साग, शिसवी, शीशम यांच्यातलं टॅनिन आणि रंगद्रव्य पाण्यात कालवायच्या रंगात विरघळून वर येतं. २००९ मध्ये मी एका गिऱ्हाइकाच्या शीशमच्या आठ खुर्च्या घाईत, दिवाळीच्या तोंडावर, अस्तर (प्रायमर) आणि पांढरा असे दोन-दोन हात देऊन पोचवल्या. लक्ष्मीपूजनापर्यंत त्या गुलाबी झाल्या होत्या, सांध्यांजवळ तर पान खाऊन थुंकल्यासारख्या. आठही परत आणल्या, पदरचा रंग लावला. पांढऱ्याचा तिसरा, चौथा हात देऊन डाग झाकत नाही, तो प्रत्येक हातातून वर येतो. लाखच त्याला अडवते.

लाख घरी करायला सोपी आहे. चपडा लाख (लाखेचे पातळ पापुद्रे) स्पिरिटमध्ये, एका लिटरला साधारण दोनशे ग्रॅम, काचेच्या बरणीत रात्रभर. मग बरणी चार-पाच दिवस हलवू नका. गढूळ मेण तळाला बसेल, वरची निवळ तेवढी दुसऱ्या बरणीत ओतून घ्या. मेणासकट लाख लावली तर वरचा रंग तिच्यावरून नखाने सुटतो. निवळीचे दोन हात, प्रत्येकी तासाभराच्या अंतराने, मग ३२० चा हलका हात. त्यावर अस्तर, मग पाण्याचं इनॅमल. ऑइलपेंट अधिक कठीण असतो हे खरं, पण पांढरा ऑइलपेंट कमी उजेडात पिवळा पडतो आणि डायनिंगचा कोपरा घरात बहुधा काळोखाच असतो. चार इंची फोमचा रोलर सपाट पट्ट्यांना, अर्धा इंची मऊ ब्रश नक्षीला. रंग ब्रशच्या टोकालाच घ्या. पहिला हात अर्धवट दिसला की घाबरून जाड थापू नका. तीन पातळ हात एका जाड हातापेक्षा लवकर वाळतात.

ऑफ-व्हाइटबद्दल एकच विचारते: खुर्चीच्या पाठीचा वरचा दांडा पांढराच हवा का? दिवसातून तीनदा जेवण झालेले हात तोच दांडा धरून खुर्ची सरकवतात. मी हल्ली तो दांडा टॉपसारखाच स्टेन करते आणि बाकी खुर्ची रंगवते. छानही दिसतं. हळदीचा हात लागलाच तर ब्लीच घेऊन धावू नका, खुर्ची दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा पिवळा उन्हाला टिकत नाही, विटून जातो. रश्श्याचं तेल मात्र राहतं, ते लगेच पुसा. टॉप पांढरा न करण्याचा तुमचा निर्णय याच कारणासाठी मला पटला.

चॉक पेंट घासल्याशिवाय चिकटतो हे खोटं नाही. भिंतीकडेच्या क्रोकरी कपाटाला मी तो आनंदाने लावते. पण त्यावर मेण लावायचं असतं, आणि बसण्याच्या खुर्चीवर ते मेण घामाने आणि घासण्याने सहा महिन्यांत जातं. सागावर तोही गुलाबी होतोच. सनमायकाबद्दल सुताराला मूर्खात काढू नका. टॉप विनिअरचा निघाला आणि विनिअर जागोजाग फुगलेलं, फाटलेलं असेल तर सनमायका हा सरळ, कमी खर्चाचा उपाय आहे. भरीव सागावर मात्र तो लावू देऊ नका.

उरला पाऊस. मेचा शेवट आहे, म्हणजे आत्ता टॉपचं पॉलिश सुरू करू नका. लाख आणि लॅकर दमट हवेत दुधाळ होतात: स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसून आत अडकतं. हार्डनरचं पीयू दमट हवेत बुडबुडे धरतं, पाण्याचा रंग वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. डोंबिवलीत जून ते सप्टेंबर हे सुतारकामाचे महिने समजा. सांधे सोडवा, फेविकॉल करा, कीड मारा, जुनं पॉलिश काढा, ऑक्झॅलिक करा, घासा. मग सगळं पंख्याखाली, भिंतीपासून लांब, खाली विटा लावून ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात स्टेन आणि रंग. चार महिने जमिनीवर जेवावं लागेल, त्याला इलाज नाही. अगदीच थांबायचं नसेल तर फक्त खुर्च्यांचा रंग एखादी कोरडी उघडीप बघून करा आणि दोन हातांमध्ये दुप्पट वेळ द्या.

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो पिकला असं नाही. पाण्याचं इनॅमल आणि पीयू पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतात. तोवर खुर्च्या एकावर एक रचू नका, टॉपवर गरम भांडं नको, आणि प्लास्टिकचं पारदर्शक कव्हर तर कधीच नको. त्या प्लास्टिकला मऊ ठेवणारं तेल हळूहळू पॉलिशमध्ये उतरतं, पॉलिश नरम होतं आणि वर्षाने कव्हर उचललं की टॉपची कातडी त्याच्याबरोबर येते. रिलीफ रोडवर येणारी निम्मी टेबलं मला वाटतं याच कव्हरांनी मारलेली असतात. सुती टेबलक्लॉथ घाला. काचच हवी असेल तर महिन्यानंतर, चार कोपऱ्यांना रबरी बटणं लावून, म्हणजे खाली हवा खेळेल.

सगळं झालं की टेबल पुन्हा एकदा उलटं करा आणि आतल्या पट्टीवर लिहा: महिना, वर्ष, पायांना लाख दोन हात, वर कोणतं अस्तर, कोणता रंग, टॉपला कोणता स्टेन, पीयू किती हात. मला जुन्या टेबलांखाली कधीकधी अशा ओळी सापडतात, बहुतेक उर्दूत किंवा मोडक्या हिंदीत, आणि त्या दिवशी माझं अर्धं काम वाचतं. पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई पॉलिशमधून वर येते.